एकतीस हजार सायकलस्वार

ज्या वाटेवर मोटार येत नाही, ती वाट माणसाला अखेर स्वतःपाशी घेऊन जाते. हे वाक्य मोंफ्रुआ गावाबाहेर, सायकलींसाठी केलेल्या हिरव्या वाटेच्या कडेला, ओकच्या रुंद फळीवर कोरलेलं होतं आणि त्याखाली बावीस गावांच्या संघाचं बोधचिन्ह होतं. जानिन बुव्हरेचा अनुभव असा, की वाट माणसाला फळीच्या मागे घेऊन जाते. फळी छातीइतकी उंच होती, आडोशाला सोयीची होती, आणि अठ्ठावीस किलोमीटरांत संघाने एकही संडास बांधलेला नव्हता. रोज सकाळी धारा काढून झाल्या की जानिन फावडं घेऊन तिथे जाई आणि स्वतःपाशी जाऊन आलेल्या माणसांनी मागे ठेवलेला ऐवज, वरच्या कागदी रुमालांसकट, खड्ड्यात लोटून देई. दुसरं कोणी ते करणार नव्हतं, आणि तिला करणं भाग होतं, कारण फळीच्या पाठीमागेच तिचं कुरण सुरू होत होतं आणि गाईला कागद खायला आवडतो.

शेणाची तिला किळस नव्हती. एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यातली पंचेचाळीस तिने गाईच्या मागच्या बाजूला काढली होती. नवरा वारल्यापासूनची सहा तर एकटीने. शेणात गवत असतं, एवढंच तिचं म्हणणं. माणसाच्यात काय असतं हे तिला पूर्वी ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं होतं, आणि त्यात ताकदीच्या गोड वड्यांचं प्रमाण वाढतंय हेही. त्याशिवाय ती माणसं दिसायचीही. घट्ट चकचकीत कपड्यांत शिरलेले साठीचे पुरुष तिच्या फाटकाशी थांबून पाणी मागत, आणि त्यांच्या शरीराविषयी तिला जेवढी माहिती हवी होती त्याहून बरीच जास्त देऊन जात.

गावानेही पाहुण्यांच्या स्वागताची तयारी केली होती, म्हणजे बेकरीच्या दारावर सायकलचं चित्र लावलं होतं. बेकरी साडेबारा ते साडेतीन बंद, सोमवारी बंद, रविवारी दुपारी बंद आणि ऑगस्टात तीन आठवडे बंद. सायकलवाले साधारण एकच्या सुमाराला पोहोचायचे.

जानिनचा गोठा वाटेच्या एका अंगाला आणि कुरणं दुसऱ्या अंगाला. अडतीस गायी, सगळ्या तांबड्या-पांढऱ्या. पहाटे कुरणातून गोठ्यात धारेला यायच्या, मग परत चरायला. संध्याकाळी पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दिवसातून चार वेळा वाट ओलांडायची. इथे रेल्वे होती तेव्हाही असंच होतं. चार गाड्या आणि गायींच्या चार फेऱ्या; गाडीला वेळेचं भान नसे, पण गाईला असे, त्यामुळे कधी टक्कर झाली नाही. मग रेल्वे बंद पडली, रूळ उखडून नेले, तिथे तीस वर्षं काटेरी झुडपं माजली, आणि त्यांतूनही गायी जातच होत्या. मग संघाने झुडपं काढून गुळगुळीत डांबर ओतलं आणि आता इथून माणूस निसर्गात जाईल असं जाहीर केलं. पहिल्याच दिवशी पहिल्याच गाईने त्यावर शेण टाकलं. तिच्या बाजूने पाहिलं तर ती पूर्वी टाकायची तिथेच टाकत होती.

मागच्या वर्षी मार्चात सायकलस्वार मोजायचं यंत्र आलं. डब्याएवढा करडा ठोकळा आणि त्याला एक काळा डोळा. समोरून काही ऊबदार गेलं की लाल दिवा लुकलुकायचा आणि आत एक आकडा वाढायचा. ते बसवायचं काम गिल्बेरकडे आलं. गिल्बेर हा गावाचा एकुलता एक कामगार. गटारं, स्मशान, नाताळचे दिवे, सगळं त्याच्याच गळ्यात. तो आणि जानिन शाळेत एका बाकावर बसलेले. संघाने यंत्र पाठवलं, पण खांब पाठवला नाही. म्हणून गिल्बेरने दोन किलोमीटरांतला एकमेव धड खांब शोधून काढला, तो जानिनच्या फाटकाचा निघाला. माहितीपत्रकात लिहिलं होतं, डोळा मावळतीकडे करू नये. गिल्बेर नियमाने चालणारा माणूस. त्याने डोळा तिरका फिरवून फाटकाच्या तोंडावर रोखला. वाटेचाही एक तुकडा त्यात येत होताच. काम झालं असं त्याने फोनवर कळवलं आणि तो जेवायला गेला.

यंदाच्या मे महिन्यात लिआँचे एक निवृत्त नोटरी शेणावरून घसरले. हाड मोडलं नाही, चड्डी फाटली. त्यांनी संघाला चार पानी पत्र लिहिलं. त्यात शेण हा शब्द एकदाही नव्हता, ‘प्राणिजन्य पदार्थ’ होता, अकरा वेळा. जानिनला ते गिल्बेरने वाचून दाखवलं तेव्हा तिला प्रथमच शेणाची लाज वाटली, म्हणजे शेणाच्या वतीने. पाठोपाठ आणखी पत्रं आली. सकाळी सातच्या आधी गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजू नयेत, असं एकाचं म्हणणं. गायींना काही बांधता येणार नाही का, असं एका बाईने विचारलं होतं. काय आणि कुठे, ते तिने लिहिलं नव्हतं.

संघाने ठराव केला. फाटक कायमचं बंद करावं आणि गुरं डांबरी रस्त्याने, जुन्या पुलावरून, वळसा घालून न्यावीत. वळसा तीन किलोमीटरांचा. चार वेळा म्हणजे दिवसाला बारा. बारा किलोमीटर चाललेली गाय दूध देत नाही, ती लिआँच्या नोटरीसारखी आडवी होते आणि तक्रार करते. गोठ्यात बांधून ठेवावं तर गावची चीजची सोसायटी दूध घेणार नाही. उन्हाळाभर गाय कुरणात चरली पाहिजे, हा इथला नियम, आणि तो जानिनच्या सासऱ्यानेच सोसायटीत ठासून मांडलेला. थोडक्यात, फाटक गेलं की अडतीस गायी गेल्या.

जून लागताच गिल्बेर एक मोठं पिवळं पत्रक घेऊन आला. फाटक बंद करण्याच्या प्रस्तावावर जाहीर चौकशी सुरू होत होती. महिनाभर गावकचेरीत नोंदवही ठेवणार, ज्याला जे वाटतं ते त्याने त्यात लिहायचं, आणि मग निर्णय. गिल्बेरने पत्रक फाटकाच्या खांबाला धरून खिळा काढला.

“माझ्याच फाटकाला ठोकतोयस?” जानिनने विचारलं.

“खांब धड आहे ना. मी काय करू, बये? वाटेवरून दिसलं पाहिजे असं वरून आलंय.”

“आणि माझ्या गायी?”

“वहीत लिही. सगळ्यांना हक्क आहे.”

“लिहून काय होतं?”

गिल्बेरने खिळा ठोकता ठोकता प्रामाणिकपणे विचार केला. “वही भरते,” तो म्हणाला.

तिसऱ्या मंगळवारी जानिन गावकचेरीत गेली. चौकशीसाठी सरकारने तिसो नावाचे निवृत्त भूमापक नेमले होते. ते मंगळवारी दोन ते पाच टेबलाशी बसत. आजवर कोणी आलेलं नव्हतं. वही कोरी होती आणि शेजारचं शब्दकोडं सुटत आलं होतं. जानिनला पाहून त्यांना पहिला रोगी मिळालेल्या डॉक्टरसारखा आनंद झाला. त्यांनी खुर्ची पुसली आणि लिहिण्याआधी सगळे कागद पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे असं सांगून तिच्यापुढे एकशे बारा पानांचं बाड ठेवलं. बहुधा ते सोबतीसाठी असावं. जानिनने चष्मा लावला आणि हक्क बजावायला सुरुवात केली.

बाडात शहरातल्या एका सल्लागार कंपनीचा अहवाल होता. गेल्या वर्षी हिरव्या वाटेने एकतीस हजार तीनशे चाळीस सायकलस्वार गेले, असं त्यात म्हटलं होतं. जानिनला नवल वाटलं. तिला रोज आठ-दहा दिसत. पुढच्या पानावर दिवसभराच्या वर्दळीचा आलेख होता. त्याला चार शिंगं होती: पहाटे पावणेसहा, सकाळी आठ, संध्याकाळी पाच आणि सात. या प्रदेशातला सायकलस्वार भल्या पहाटे उठतो, असा निष्कर्ष होता. तो मोठ्या गटाने फिरतो, गटाचा सरासरी आकार अडतीस. तो कमालीचा निष्ठावान असून रोज त्याच वेळी त्याच ठिकाणी येतो. दुपारच्या जेवणावर तो माणशी बावीस युरो खर्च करतो, असा अंदाज आहे. बारा सप्टेंबरला आकडा एकदम सातवर आला, त्याचं कारण नुकत्याच उघडलेल्या शाळा. जानिनला ती तारीख आठवत होती. त्या दिवशी गुरांचा डॉक्टर रक्त तपासायला आला होता आणि कळप दिवसभर आत होता. हिवाळ्यात हा सायकलस्वार घरातच राहणं पसंत करतो, असं शेवटी होतं. कोणत्या घरात ते तिला माहीत होतं. आत शिरल्यावर डाव्या हाताला.

तिने चष्मा काढला. एकतीस हजार लोकांना गायींचा त्रास होतो म्हणून गायी घालवायच्या होत्या, आणि ते एकतीस हजार म्हणजे गायीच होत्या. यात तिला गंमत वाटायला हवी होती, पण रोज सकाळी फळीच्या मागे पहिलं फावडं घालताना यायची तशी किळस आली. फरक एवढाच, की तिथे माणसं निदान लपून करत. इथे ते गुळगुळीत कागदावर, रंगीत, आलेख काढून मांडलं होतं आणि प्रत्येक पानावर बोधचिन्ह होतं.

तिने पेन मागितलं आणि पहिल्या पानावर लिहिलं: “तुमचे सायकलस्वार माझ्या गायी आहेत. यंत्र माझ्या फाटकाच्या खांबावर आहे. अडतीस गायी, चार वेळा, रोज एकशे बावन्न. बारा सप्टेंबरचा डॉक्टरांचा कागद दाखवीन. फाटक बंद केलंत तर सायकलस्वार बाजारात विकावे लागतील. जानिन बुव्हरे.”

तिसोंनी ते दोनदा वाचलं, मग बाडातला आलेख काढून पाहिला, मग उठून खिडकीशी गेले आणि तिथे पाहण्यासारखं काही नसल्यामुळे परत आले.

“मादाम, हे तुम्ही लिहिलंत.”

“पेन तुमचं होतं.”

“पानांना क्रमांक आहेत. प्रत्येक पानावर माझी सही आहे. एकही पान फाडता येत नाही.”

“फाडा असं मी कुठे म्हटलं?”

“नाही, नाही. मी माझं मलाच सांगतोय.” त्यांनी वही मिटली, वर तळहात ठेवला, आणि चौकशी संपली की ही वही जशीच्या तशी जिल्ह्याच्या कचेरीत जाते, तिथे ती पहिल्या ओळीपासून वाचली जाते, असं जरा खालच्या आवाजात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संघाचे अध्यक्ष कॉर्दिये स्वतः आले. अंगणातून ते चवड्यांवर, मांजर ओल्या फरशीवरून जातं तसे आले. येताना चॉकलेटचा डबा आणला होता. हवापाण्याविषयी बोलून झालं, जानिनच्या दिवंगत नवऱ्याची आठवण काढून झाली, तो किती चांगला माणूस होता हेही सांगून झालं. त्याचं नाव मात्र त्यांनी चुकीचं घेतलं. ताकाला येऊन भांडं लपवण्यात पाऊण तास गेला. जानिनने कॉफी ओतली आणि वाट पाहिली. शेवटी भांडं बाहेर आलं. वाटेचा दुसरा टप्पा मंजूर झाला होता, आणखी तेरा किलोमीटर आणि एक सायकलभवन. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी समारंभ होता, बाहेरून मोठी माणसं यायची होती, आणि सगळं त्या एकतीस हजारांवर उभं होतं. आकडा म्हणजे लोकांनी दाखवलेला विश्वास असतो, असं ते म्हणाले. तुमची काही समजुतीची चूक तर होत नाही ना, असंही त्यांनी मायेने विचारलं.

जानिनने घड्याळ पाहिलं. पाच वाजत आले होते. “चला,” ती म्हणाली.

ती फाटक उघडून उभी राहिली आणि तिने हाक दिली. गायी एकामागून एक आल्या, वाट ओलांडून फाटकात शिरल्या. प्रत्येकीगणिक खांबावरचा लाल दिवा लुकलुकला. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावून सगळ्या अडतीस मोजल्या. विसावी त्यांच्या बुटाशेजारी थांबली, मन मोकळं केलं आणि पुढे गेली.

“हे त्या गिल्बेरने मुद्दाम केलंय?” त्यांनी विचारलं.

“गिल्बेरने माहितीपत्रक वाचलं. तुमच्यात वाचणारा तो एकटाच.”

अध्यक्ष बुटाकडे पाहत विचार करत राहिले. त्यांना खरं-खोटं हा प्रश्न पडलेलाच नव्हता, हे जानिनला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्यांना वहीचा प्रश्न पडला होता.

“चौकशी पुरी झाली तर वही जिल्ह्याला जाते,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “पण प्रस्तावच मागे घेतला तर चौकशी रद्द. मग वही जात नाही. कपाटात राहते.”

“आणि फाटक?”

“फाटकही राहतं.”

“आणि हे?” तिने खांबावरच्या ठोकळ्याकडे बोट केलं.

“चाललंय ना व्यवस्थित. त्याला कशाला हात लावायचा?”

अशा रीतीने जानिन बुव्हरे जिंकली. गायी राहणार होत्या, फाटक राहणार होतं; ज्यासाठी महिनाभर झोप उडाली होती ते सगळं दोन वाक्यांत पदरात पडलं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण ‘आमचं चुकलं’ एवढे दोन शब्द तिला ऐकायचे होते, आणि ते या माणसाच्या तोंडात कधी येणारच नव्हते. तेवढ्यात अध्यक्ष तिच्या जवळ सरकले. त्यांना अत्तराचा वास होता.

“मादाम बुव्हरे, एक विचारू? दुसऱ्या टप्प्यासाठी चाळीस हजार अपेक्षित आहेत. गायींची दुपारी एखादी फेरी… म्हणजे त्यांच्या सोयीने. तेवढ्याने अडतीस हजार सातशे होतात. उरलेलं मी बघतो.”

“दुपारी गायी रवंथ करतात.”

“रोज?”

“रोज.”

अध्यक्षांनी हळहळून मान हलवली, जणू हाही मागच्या कारभाऱ्यांचा दोष होता. जानिनने मग फळीच्या मागे काय असतं ते सांगितलं आणि एक संडास बांधा म्हणाली. अध्यक्षांनी शांतपणे समजावलं. एकतीस हजार माणसांना नियमाने निदान सहा संडास लागतील, आणि तेवढे परवडणार नाहीत. “आणि खरे जेवढे आहेत,” ते म्हणाले, “तेवढ्यांना फळी पुरते, नाही का?” मग त्यांनी तिचा हात हातात घेऊन दाबला. त्यांचा हात मऊ आणि किंचित ओला होता. ते गेल्यावर जानिनने नळाखाली साबणाने दोनदा हात धुतला. धारेला बसण्याआधी ती एकदाच धुवायची.

जुलैत वर्तमानपत्रात आलं की संघाने प्रस्ताव मागे घेतला आहे, कारण गुरांची वाट हा प्रदेशाचा जिवंत वारसा आहे. फाटकाशी दुसरी फळी लागली: ‘सावकाश. इथून वारसा जातो.’ ती पहिलीपेक्षा रुंद होती आणि पहिल्याच आठवड्यात तिच्याही मागे माणसं जाऊ लागली. दिवसातून दोनदा डांबर धुण्याचा हुकूम गिल्बेरला आला. एका सकाळी तो पाण्याची नळी घेऊन उभा असताना जानिन फावडं घेऊन आली.

“जिंकलीस की,” तो म्हणाला.

“हो.”

“मग तोंड का असं?”

“वास येतोय.”

“अगं, आत्ताच तर धुतलं मी शेण.”

“शेणाचा नाही,” जानिन म्हणाली आणि नव्या फळीमागे गेली.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी पहाटेपासून पाऊस लागला होता. गोठ्यामागच्या पटांगणात संघाने पांढरा तंबू ठोकला होता. मोटारमुक्त वाटेच्या समारंभाला पाहुणे मोटारींतूनच आले, चौसष्ट मोटारी, आणि त्या जानिनच्या शेतात लावल्या. औपचारिक फेरीसाठी आणलेल्या बारा नव्या सायकली तंबूला टेकवून ठेवल्या होत्या. त्यांच्या बैठकींवरचं प्लास्टिकही कोणी काढलं नाही. अध्यक्षांनी भाषण केलं. जी वाट माणसाला स्वतःपाशी नेते तिच्यावर एकतीस हजार लोकांनी विश्वास दाखवला, असं ते म्हणाले, आणि नंतर दरवर्षी पंचविसांनी वाढ होईल असंही म्हणाले, पंचवीस टक्के की पंचवीस हजार, ते पावसात ऐकू आलं नाही. पाहुण्यांनी पांढरी वाईन घेतली, सॉसेज खाल्लं, जानिनच्याच दुधाचं चीज खाल्लं आणि वासाबद्दल आपसांत काही म्हणाले. पाच वाजता गायी गेल्या तेव्हा त्यांनी तंबूतूनच टाळ्या वाजवल्या. साडेसहाला निघताना चौसष्टांतल्या एकोणीस मोटारी चिखलात रुतल्या. त्या जानिनने ट्रॅक्टरला साखळी लावून एकेक करून ओढून काढल्या, आणि पाहुणे काचा वर करून आत बसून राहिले. सायकलवरून त्या दिवशी कोणी आलं नाही आणि कोणी गेलंही नाही.

रविवारी सकाळी गिल्बेरने नेहमीप्रमाणे यंत्राचा आदल्या दिवसाचा आकडा फोनवर संघाला कळवला. एकशे बावन्न.